चौदावी ओळ

लोधीपुऱ्यातल्या पॉवरलूम कारखान्यात मी एकतीस वर्षं हजेरी लिहिली. निळी शाई, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या नावावर एक लाल रेघ. माझं अक्षर सुरेख होतं. जुन्या कामगार बायका अजून बाजारात थांबवून सांगतात.

तिथेच आता माझी भाची पल्लवी सुपरवायझर आहे. मशीनच्या पट्ट्यावर जाळी नव्हती म्हणून तृप्ती नावाच्या कामगार बाईची दोन बोटं गेली, तेव्हा पल्लवीनं श्रम कार्यालयात अर्ज दिला. दुसऱ्या दिवसापासून मालक भूपेंद्र सेठ तिच्याशी फार गोड बोलू लागले.

"आता काढतील बघ," मी म्हटलं. "अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतलास?"

"घेतला."

"रोज सही केलीस की हजेरीच्या पानाचा फोटो मला पाठव. छापून ठेवते."

"आत्या, तू तर पूरी वकील निघालीस!"

वकिली कसली! बेचाळीस वर्षांपूर्वी सुताच्या कांड्या भरणाऱ्या कोकिळानं असाच अर्ज दिला होता. तेव्हाचे म्हातारे सेठ मला म्हणाले, "लाल रेघ नको. पानंच नवी लिहा." जानेवारीपासूनची सगळी पानं मी दोन दिवसांत पुन्हा लिहिली. तिची चौदावी ओळ पुढच्या नावानं भरली. गेटवर चौकीदारानं तिला विचारलं, "कोण तू?" मी खिडकीतून पाहत होते. मग खिडकी लावून घेतली.

पल्लवीचे फोटो मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणायचे आणि फाइलला लावायचे. तिसऱ्या दिवशी तिचं नाव चौदाव्या ओळीत दिसलं. आधी ते एकविसावं होतं.

"सात जण सोडून गेले का गं?"

"कोणीच नाही. मी एकविसावीच आहे. सुबह ही देखा मैंने."

आठव्या दिवशी अक्षर ओळखीचं वाटलं. कारखान्यात आता बॉलपेननं लिहितात. कागदावर टाकाची निळी शाई होती, आणि वळण माझं.

सोळाव्या दिवशी पल्लवी भरदुपारी आली. डबा भरलेलाच होता.

"चौकीदार म्हणतो, कोण तू? आत्या, रोज नमस्ते करतो गं तो मला."

"घाबरू नकोस. फाइल आहे आपल्याकडे."

फाइल उघडली. पंधरा पानं. चौदाव्या ओळीत कोकिळा, पंधरा वेळा. पल्लवी कुठेच नव्हती.

शाई माझ्या अंगठ्याला लागली.

अर्जाची प्रत काढली. शिक्का होता. पल्लवीच्या सहीची जागा कोरी.

पल्लवीनं आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, मी बोलतेय."

"कोण?"

"पल्लवी."

"राँग नंबर आहे, बाई." आवाज माझ्या वहिनीचाच होता.

तेव्हापासून पल्लवी माझ्याकडेच राहते. तिचं नाव आता फक्त माझ्या लक्षात आहे. ते ऐकायला ती दिवसभर माझ्या आसपास फिरते.

मी एक्क्याऐंशीची आहे. आज सकाळी चहाला तिला नावानं हाक मारायला दाराशी गेले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.