यानाच्या दारात थांबलेली

जळगावहून धरणगावला निघालेल्या काळी-पिवळीत एक माणूस माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं मांडीवर चंदेरी रंगाचं भलंमोठं हेल्मेट ठेवलं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सकाळपासून बोलून घसा बसला होता, कुणाशी शब्दही बोलायची इच्छा नव्हती. पण प्रत्येक खड्ड्याला ते हेल्मेट माझ्या कोपराला लागायचं.

"हे जरा... सांभाळता का?"

"सॉरी मॅडम. अंतराळवीराचं आहे."

"मग त्याला वेगळी सीट घ्यायची!"

तो हसला. डोळे जागरणानं तांबारलेले, शर्टाला चंदेरी रंग लागलेला... आणि तरी हसला. मला उगाचच बरं वाटलं.

कुंदन त्याचं नाव. धरणगावचाच. आपल्या कपाशीच्या शेतात जुन्या पाण्याच्या टाकीचं यान करून त्यानं खानदेशी बोलीत एक सायन्स फिक्शन सिनेमा काढला होता. मोबाइलवर टाकला, मित्रांनी पाहिला, विषय संपला.

"आता त्याची कादंबरी करायचीय," उतरताना तो म्हणाला. "लहानपणी असले सिनेमे आपल्या गावात यायचेच नाहीत. पण त्यांच्यावरून लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या जळगावच्या रद्दीवाल्याकडे मिळायच्या. डिक्शनरी घेऊन वाचायचो. पुस्तकात यंत्रमानवाच्या मनातलंसुद्धा कळतं, मॅडम! तुम्ही लिहाल?"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! तरीही मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

मग दर रविवारी दुपारी मी कुंदनच्या घराच्या ओट्यावर. तो लॅपटॉपवर सिनेमा लावायचा, मी थांबवायची.

"इथं हा नायक आकाशाकडे बघत काय विचार करतोय?"

"इथं... तो डायलॉग विसरलाय."

मी हसत सुटायची आणि लिहायची – त्याला घरची आठवण येतेय. कुंदन ते वाचायचा, मग माझ्याकडे बघत राहायचा. चहा निवायचा. आठवडाभराचा शीण त्या ओट्यावर जरा उतरायचा. मला तो आवडायला लागला होता, आणि हे त्याला आपोआप कळावं असं मला वाटत होतं.

एका रविवारी त्याचे वडील, लोटन आबा, कापूस निवडता निवडता म्हणाले, "लवकर लिखी टाक व बेटा. हाऊ सोमवारे सुरतले चालना. कापडना मिलमा नोकरी लागनी त्याले."

माझं पेन थांबलं.

"सांगणार होतो..." कुंदन पुटपुटला.

"कधी? पोचल्यावर?"

त्यानं सिनेमा पुढे सरकवला. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. यान सुटतंय, नायक दारातून हात पुढे करतो, नायिका खालीच उभी राहते. सिनेमा संपतो.

"ती का चढत नाही?" मी विचारलं.

"नायिका झालेल्या पुनमला त्या दिवशी मामाकडे जायचं होतं. पुढचं शूटिंगच झालं नाही."

एरवी मी पोट धरून हसले असते.

"मग मी सांगते. ती दमलीय. रोज धक्के खात जाते, येते. घरी आईचे गुडघे धरलेले. आणि हा नुसता हात पुढे करून उभा! तिला विचारलं का ह्यानं?"

"हात पुढे केला म्हणजे... विचारलंच की."

"पडद्यावर चालतं ते. कागदावर बोलावं लागतं, कुंदन."

आबांनी कापसाची टोपली उचलली आणि ते आत गेले. कुंदननं लॅपटॉप मिटला. मग, घरात बोलतो तसं, हळूच म्हणाला –

"दिपमाला... मना संगे येशी का?"

इतके रविवार मी याचीच वाट पाहत होते. आणि आता उत्तर काय द्यायचं होतं?

"सुरतला नाही येणार. आईला टाकून नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो मान खाली घालून बसला, आणि माझ्या लक्षात आलं – मी तरी याला कुठं काही विचारलंय? मीही आपली वही घेऊन गप्पच बसलेली.

"आता माझंही ऐक," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. खूप. जाऊ नकोस ना... थांबशील?"

"आबांना काय सांगू?"

"माले काय सांगतस?" आतून आवाज आला. "माले बठ्ठं ऐकू येस. नोकऱ्या जळगावले बी शेतस!"

आबांनी सगळं ऐकलं होतं, आणि नोकऱ्या जळगावलाही आहेत म्हणत होते! आम्ही दोघंही दचकलो. मग कुंदननं माझा हात हातात घेतला.

"नाही जात," तो म्हणाला. "थांबतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकी दमले होते मी, की आपण आनंदानं रडतोय हे मला जरा उशिरानंच कळलं.