टाकीला मारलेली हाक

या, असे जवळ सरकून बसा. पाण्याचा पेला तेवढा टेबलाच्या पलीकडे ठेवा, आत्ताच पिऊ नका. पाहुण्यापुढे पाणी ठेवून वर 'पिऊ नका' म्हणणारा यजमान तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल. पण तुम्ही बाहेरगावचे. इथलं पाणी अजून तुमच्या पोटात गेलेलं नाही, म्हणून तर तुम्हाला सांगायचं. एक कथा सांगतो. देवाला स्मरून सांगतो, पदरचं काही घालणार नाही. गळा असता तर गाऊन सांगितली असती. तो दिला नाही त्याने, म्हणून नुसती बोलतो.

मी या जलशुद्धीकरण केंद्रातला रसायनतज्ज्ञ. नदीचं पाणी इथे गढूळ येतं, तुरटीने निवळतं, वाळूच्या थरांतून गाळलं जातं, क्लोरीन घेतं आणि मागच्या टेकडीवरच्या टाकीत चढतं. तिथून उताराने गावात. माझं काम एवढंच, की गावाने घोट घेण्याआधी पाण्याला प्रश्न विचारायचे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळी छटा आली की क्लोरीन आहे म्हणायचं. जंतूंसाठी वेगळी बाटली, गढूळपणासाठी वेगळं यंत्र. शेवटी घोटभर चव, तीही तोंडात घोळवून थुंकायची. पाणी खोटं बोलत नाही, असं मी शिकलो होतो.

आणि नमुने गोळा करायला माझी ताई. सख्खी, मोठी बहीण. आम्ही दोघंही इथेच नोकरीला. खांद्याला बाटल्यांची पेटी अडकवून ती गल्लोगल्ली हिंडायची. कुणाच्याही दारातला नळ आधी ज्योतीने शेकायचा, जरा वाहू द्यायचा, मग बाटली भरायची, ही तिची शिस्त. गावात तिला सगळे 'बाटलीवाली' म्हणत.

"काय गं, सकाळी सकाळी बाटल्या? घरी कळलं तर?" वरच्या आळीतली शिंपीणबाई रोज विचारायची.

"घरी भाऊच उघडतो, कळायचं कुणाला?" ताईचं रोजचं उत्तर. आणि दोघी रोज नव्याने हसायच्या.

ताईच्या डाव्या मनगटावर ब्लीचिंग पावडरने भाजल्याचा पांढरा डाग होता, पानासारखा. पाणी पिण्याआधी पेला उजेडाकडे धरून बघायची तिला खोड होती. कुणाच्या घरी गेली तरी बघायची, यजमान ओशाळायचे. आणि मला ती 'ठोंब्या' म्हणायची. मी पदवी घेऊन आलो त्या दिवशीही दारातच म्हणाली, "ये ठोंब्या, पाय धू." जगात दुसऱ्या कुणी मला त्या नावाने हाक मारलेली नाही.

आता मूळ कथेकडे येतो.

टेकडीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते दाखवणारी पट्टी फार पूर्वी मोडलेली. नवी कधी आलीच नाही. म्हणून इथे एक रीत पडली होती. झाकण उघडायचं, आत डोकं घालायचं आणि हाक मारायची. टाकी भरलेली असली की आवाज झटकन, आखूड परत येतो. रिकामी असली की घुमत, रेंगाळत येतो. सवयीच्या कानाला त्यावरून हातभर पाण्याचाही फरक कळतो. हाक मात्र स्वतःच्या नावाची मारायची. आमचे चावीवाले काका, म्हणजे गावातले सगळे व्हॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे, ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे, "आपलं आपण नाव घालायचं. दुसऱ्याचं घालायचं नाही."

"का हो काका?" मी विचारलं होतं.

"मलाही असंच सांगितलं होतं. मी उलटून विचारलं नाही. तू शिकलेला, तुला तोंड आहे."

त्या दिवशी सकाळी ताई नमुना घ्यायला टाकीवर चढली. काका आणि मीही होतो. ऊन कोवळं होतं, झाकणाचं लोखंड अजून गार होतं. ताईने आत डोकं घालून आपलं नाव हाकारलं.

काहीच आलं नाही.

भिंतीला लागून आवाज परत येतो, हा काही चमत्कार नाही, शाळेतला धडा आहे. तो आला नाही. ताईने पुन्हा हाक मारली, पोट आत ओढून. खाली पाणी स्वच्छ दिसत होतं, काठोकाठ. त्यावर एक वलय उठलं आणि भिंतीपर्यंत जाण्याआधीच विरलं.

काकांनी स्वतःचं नाव घातलं. झटकन परत आलं. मी माझं घातलं. आलं.

"माझं नाव गोड लागलं वाटतं तिला," ताई हसून म्हणाली. "गिळलंन्."

काका हसले नाहीत. पण गावाची पाण्याची वेळ झाली होती. त्यांनी चावी फिरवली. नमुना मी तपासला. उत्तम पाणी. तसं उत्तम पाणी क्वचित हाती येतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत शिंपीणबाईने दार अर्धंच उघडलं. "कोण पाहिजे?"

ताईला वाटलं थट्टा. "बाटलीवाली," ती म्हणाली.

"अगं बाई, सकाळी सकाळी असलं काय बोलता!" आणि दार लागलं.

ताईने घरी येऊन ते नक्कल करून सांगितलं. आई पोट धरून हसली. पुढे त्याच आळीतला न्हावी 'आपण नवीन का?' म्हणाला. मग मधल्या पेठेतली शाळेची बाई, जी ताईच्या बरोबर एका बाकावर बसलेली. कुणी भांडलं नाही, कुणी हाकललं नाही. सगळे मायेने, परक्याशी बोलावं तसे बोलायचे. बसायला द्यायचे. पाणी पुढे करायचे. ताईची नक्कल हळूहळू बंद झाली.

काकांनी एकदा मला व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी गाठलं. "पोरा, एक बोलू? मी ज्या ओळीने चावी फिरवतो ना, त्याच ओळीने चाललंय. आधी वरची आळी, मग पेठ, मग बाजार. तुमचं घर शेवटच्या टोकाला."

मी हसण्यावारी नेलं नाही. मी शास्त्राचा माणूस. ओळ दिसली की ओळीला मानतो. प्रत्येक टोकाचं पाणी मागवलं, सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या, शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत बाटल्या पाठवल्या. क्लोरीन बरोबर. जंतू नाहीत. धातू नाहीत. वास नाही. मी साहेबांकडे गेलो.

"पुरवठा थांबवा, टाकी उपसून धुऊ या," मी म्हणालो.

साहेब भला माणूस. त्यांनी माझे सगळे कागद वाचले. "पाण्यात सापडलं काय?"

"काही नाही."

"मग गावाला तहानलेलं ठेवू ते कशासाठी? काही सापडू दे, त्याच क्षणी बंद करतो."

"साहेब, गाव माझ्या ताईला विसरत चाललंय."

त्यांनी चष्मा काढला. रोज सकाळी ती त्यांच्याच टेबलावर पेटी टेकवायची, ते तिच्या हातच्या बाटल्या मोजून घ्यायचे. "तुम्हाला बहीण आहे?" ते कौतुकाने म्हणाले. "कधी बोलला नाहीत. आणा की एकदा."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. गाव विसरलं तर विसरो. पण आमच्या घरात आई होती.

आई अंथरुणाला खिळलेली. तिचं उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं ताई करायची. दिवस मावळला की आई ताईला नावाने बोलवायची, काम असो नसो. नुसतं नाव, देवाचं घ्यावं तसं, आणि ताई जिथे असेल तिथून ओ द्यायची. तेवढी एक हाक राहिली तर ताई राहील, असं आम्हा दोघांना वाटायचं. आम्ही ते एकमेकांना बोललो नाही. मी घरचा नळ तारेने बांधून टाकला. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचं पाणी कॅनने आणायला लागलो. तेच आम्ही उकळून प्यायचो. नळाच्या पाण्याला आईचे ओठ लागू द्यायचे नाहीत.

एका दुपारी मी कॅन घेऊन परतलो तर ताई आईचे केस विंचरत होती. उशाशी तांब्या भरलेला. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अहो, घरात कुणी नव्हतं, तांब्या कोरडा होता. आजी पाणी पाणी करत होत्या. आमच्या नळाचं आणून दिलं, ताजं."

तिला काय म्हणणार? तहानलेल्याला पाणी पाजलं होतं तिने. तिचे मी आभार मानले.

आई मला म्हणाली, "बाळा, या बाई केव्हाच्या उभ्या आहेत. त्यांना बसायला दे ना."

ताईचा हात क्षणभर थांबला. मग फणी पुन्हा चालू लागली.

"किती हलका हात गं तुझा," आई तिला म्हणाली. "तुझी आई नशिबाची आहे."

"हो," ताई म्हणाली. "आहे खरी." वेणी पूर्ण घालून तिने टोकाला रिबिनीची गाठ मारली.

संध्याकाळी आईने कुणालाच बोलावलं नाही. ताई दाराशी उभी होती, ओ द्यायला.

दुसऱ्या दिवशी ती मला टाकीवर घेऊन गेली. काका पुढे. भर ऊन. झाकण उघडताच आतून गार वारा तोंडावर आला.

"माझ्या हाकेला ती दाद देत नाही," ताई म्हणाली. "तू मार. तू बोलावलंस की मी येतेच, ठोंब्या. लहानपणापासून येते."

"दुसऱ्याचं नाव घालायचं नाही," काका म्हणाले.

"मग दुसरा उपाय सांगा, काका."

काका झाकणापासून बाजूला सरकले.

मी आत वाकलो. पाणी निश्चल होतं. त्यात माझं तोंड दिसलं, खांद्याशी ताईचं.

मी तिचं नाव घेतलं. जितका आवाज देवाने दिला तितक्या आवाजात.

परत काही आलं नाही.

वलय उठलं. विरलं.

पाण्यात माझं तोंड दिसत होतं. फक्त माझंच.

मी मागे वळलो. ताई तिथेच होती, अगदी मागे, डोळे माझ्यावर लावून. मला पुन्हा हाक मारायची होती. तोंड उघडलं. जिभेवर काही नव्हतं.

"कुणाचं नाव घातलंस रे?" काकांनी विचारलं.

"ताईचं."

"कुठली ताई?"

तिने स्वतःच्या हाताने झाकण लावलं आणि कडी घातली.

पुढचं मला तुटक आठवतं. कॅन कशासाठी आणतो हे एके दिवशी आठवेना, मग आणणं सुटलं. नळाची तार कुणी बांधली म्हणून मीच वैतागून सोडली. नाव गेलं होतंच, चेहराही पुसला. ही कथा तेवढी उरली, कारण मी ती रोज कुणाला ना कुणाला सांगतो. जपमाळेसारखी ओढतो. ओढायची थांबलो की मणी गळणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. आईची काळजी आता एक बाई घेतात. कुणी ठेवल्या ते आठवत नाही. फार भल्या आहेत.

त्या आज सकाळी इथे आल्या होत्या, तुम्ही यायच्या जरा आधी. आता तुम्ही बसलात ना, तिथेच बसल्या. मग म्हणाल्या, "ठोंब्या, दमले रे आता." मला नवल वाटलं. हे नाव त्यांना कुणी सांगितलं असेल? बाहेर ऊन मरणाचं, बाईंचा चेहरा सुकलेला. मी उठून नळाचं पाणी पुढे केलं. शुद्ध आहे, म्हटलं, मी स्वतः तपासलंय.

त्यांनी पेला घेतला. बाही मागे सरली तेव्हा डाव्या मनगटावर पानासारखा पांढरा डाग दिसला. पेला उजेडाकडे धरून त्यांनी खूप वेळ पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग सगळं पाणी प्यायल्या, एका दमात.

रिकामा पेला माझ्या हातात देताना म्हणाल्या, "फार उपकार झाले, साहेब. इथून बाहेर कुठून जायचं?"

मी फाटकापर्यंत सोडून आलो. अजून तिथेच उभ्या आहेत बघा, सावलीत. कुणाची वाट बघतात कुणास ठाऊक.

असो. तुमची गाडी चुकेल. मला फार काही नको. तुम्ही तुमच्या गावी जा, तुमचं पाणी प्या, आणि दिवस मावळला की एकदा आठवा, की इथे एका माणसाला एक ताई होती. तेवढं लक्षात ठेवा हो माझ्या ताईला.