तेलाचा चौथा हात

कल्पना करा, एक अरुंद दुकान आहे. इतकं अरुंद, की मधोमध उभं राहून तुम्ही दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना लागतील. भिंतींवर फळ्या आहेत आणि फळ्यांवर चामड्याच्या बॅगा बसल्या आहेत. टांगलेल्या नाहीत बरं का, बसवलेल्या. टांगली की बॅगेचा पट्टा तिच्याच वजनाने लांबत जातो. आता एक लांब श्वास घ्या. चामडं, मेण आणि थोडं तेल... आला वास?

या दुकानात एक कारागीर काम करतो. वय तिशीच्या आतबाहेर. माणसांशी बोलताना अडखळतो, बॅगांशी बोलताना नाही. कोपऱ्यातल्या फिरत्या स्टुलावर त्याची आठ वर्षांची भाची बसली आहे. तिला सगळे भिंगरी म्हणतात, का ते त्या स्टुलाला विचारा. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत तिचा मुक्काम मामाच्या दुकानात.

बुधवार आहे, बाहेर पाऊस आहे. गाजावाजा करणारा नाही, सकाळपासून नुसता पडत राहिलेला, कंटाळवाणा.

आणि दार उघडलं.

आत आली एक तरुणी. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, केसांतून पाणी ठिबकतंय, खांदे ओलेचिंब. रेनकोट होता तिच्याकडे, पण तो तिने छातीशी धरलेल्या बॅगेला गुंडाळला होता.

कारागीर बघतच राहिला. स्वतः भिजून बॅग कोरडी ठेवणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“बंद करताय का दुकान?” तिने विचारलं.

“नाही... म्हणजे, या ना.”

तिने रेनकोट सोडला. आत जुनी, तपकिरी, रुंद तोंडाची बॅग होती. चामडं लाकडासारखं कडक झालेलं आणि घड्यांवर पांढऱ्या भेगा.

“मागच्या आठवड्यात ओढ्यात पडली. एका घोडीने लाथ मारली. मला नाही, बॅगेला. मी जनावरांची डॉक्टर आहे.”

“वाळवली कशी?”

“हीटरला टेकवून.”

कारागिराने असा चेहरा केला, जणू चटका त्यालाच बसला. “डॉक्टर, एखादं वासरू थंडीने काकडलं, तर त्याला तुम्ही तव्यावर ठेवता का?”

भिंगरी खुदकन हसली. डॉक्टरही हसली. “नाही हो. पुसते, गवतात गुंडाळते, हळूहळू ऊब देते.”

“मग? हेही कधीतरी कोणाची तरी कातडीच होतं ना.” आता तो अडखळत नव्हता. “भिजली की आधी मऊ कापडाने टिपायची. आत चुरगळलेले कागद भरायचे, म्हणजे आकार राहतो. कोरे कागद, वर्तमानपत्र नाही, त्याची शाई लागते. ते ओले झाले की बदलायचे. आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवून द्यायची. दोन दिवस लागोत, नाहीतर चार.”

डॉक्टरने बॅगेवर हात ठेवला. तिचा आवाज उतरला. “ही माझ्या बाबांची आहे. तेही हेच काम करायचे. आता ते नाहीत. ही... वाचेल ना?”

“वाचेल,” तो म्हणाला. “पण या दुकानात एक रीत आहे. मी ज्यांच्याकडे शिकलो, त्यांनी घालून दिलेली. तेलाचा शेवटचा हात बॅगेच्या मालकाने स्वतः फिरवायचा. ते जमल्याशिवाय बॅग घरी जात नाही.”

“म्हणजे मी शाळेत बसायचं?”

“तसंच काहीसं...”

“बरं, मास्तर,” ती म्हणाली आणि बाही वर सारून बसली.

त्याने तिला तेलाची बाटली दिली, जुन्या बनियनचा एक मऊ तुकडा दिला. “आधी पट्ट्याच्या मागे, कोणाला दिसणार नाही तिथे लावून बघा. डाग पडला नाही तर पुढे.”

“किती घेऊ?”

“करंगळीच्या नखावर मावेल एवढं. आणि गोल गोल फिरवा. असं नाही, इतकं दाबू नका—असं...” त्याचं बोट तिच्या बोटांना लागलं. दोघांनीही हात मागे घेतला आणि दोघंही एकदम म्हणाले, “सॉरी.” स्टुलावरची भिंगरी वर्तुळ अर्धवट सोडून थांबली.

तासाभरात बॅग पुन्हा बॅगेसारखी दिसू लागली. भेगा बुजल्या, तोंड उघडायला लागलं. काम संपलं होतं. कारागिराला ते ठाऊक होतं. पण डॉक्टरने “झालं?” असं विचारलं आणि त्याच्या तोंडून निघालं, “नाही... अजून एक हात लागेल. पुढच्या बुधवारी या.”

भिंगरीने तोंड उघडलं. मामाने डोळे मोठे केले. भिंगरीने तोंड मिटलं.

मग बुधवार येत गेले. दुसऱ्या बुधवारी डॉक्टरने सांगितलं की तात्पुरत्या कापडी पिशवीतलं अख्खं बँडेज एका शेळीने खाल्लं.

“मग काय केलंत?”

“वाट बघितली. दुसऱ्या टोकाने आलं.”

कारागीर इतका हसला, की चामडं टोचायची आरी त्याच्या हातून निसटली. तिसऱ्या बुधवारी त्याने सकाळीच दाढी केली होती आणि भिंगरीने ते डॉक्टरसमोरच सांगितलं.  डॉक्टर नुसती हसली, खाली बघून, कापड गोल गोल फिरवत... करंगळीच्या नखावर मावेल त्यापेक्षा बरंच जास्त तेल त्या दिवशी बॅगेत गेलं. दोघांचंही लक्ष तेलाकडे नव्हतं.

चौथ्या बुधवारी चौथा हात झाला आणि बॅग घरी गेली. कारागिराला त्या संध्याकाळी दुकान उगाचच मोठं वाटलं.

शुक्रवारी दार धाडकन उघडलं. डॉक्टरच्या बुटांना चिखल होता. तिने बॅग टेबलावर ठेवली. बॅग ताठ बसली नाही. एखाद्या रिकाम्या मोज्यासारखी कडेला कलंडली आणि तिचं तोंड आपोआप मिटलं.

“काल एक गाय अडली होती,” डॉक्टर म्हणाली. “माझा एक हात वासराच्या पायाला. दुसऱ्या हाताने बॅगेतून दोरी काढायची. बाबा आयुष्यभर असंच करत आले, कारण ही बॅग तोंड उघडं ठेवून ताठ उभी राहायची. काल ती मिटून बसली. मी चाचपतेय, दोरी सापडत नाही, गायीचा मालक ओरडतोय... वासरू वाचलं. पण कसं, ते माझं मला माहीत. काय केलंत तुम्ही हिचं?”

कारागिराने अंगठा चामड्यावर दाबला. अंगठ्याभोवती तेल वर आलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात करतात, ती ही चूक. भुकेल्या चामड्याला तेल द्यायचं, पण पोट भरल्यावर थांबायचं. नाहीतर ते ढिलं पडतं, त्याचा कणाच जातो. हे त्याने कितीतरी लोकांना शिकवलं होतं.

“मामा,” भिंगरी हळूच म्हणाली, “तू सगळ्यांना एकदाच तेल लावतोस. यांच्या बॅगेला चारदा का लावलंस?”

 खोटं बोलायला जागा भरपूर होती. पाऊस, हवा, जुनं चामडं, काहीही सांगता आलं असतं.

“एकदाच पुरलं असतं,” कारागीर म्हणाला. “पहिल्याच दिवशी. पण मग... तुम्ही पुढच्या बुधवारी आला नसता.”

डॉक्टरने बॅग सरळ उभी करून पाहिली, ती पुन्हा कलंडली.

“चूक माझी आहे,” तो पुढे म्हणाला. “नुसतं ‘पुन्हा याल का’ विचारायचं होतं, ते धाडस झालं नाही. म्हणून तुमच्या बाबांच्या बॅगेवर... माझे गुरू अजून आहेत, पुलापलीकडे बसतात. बॅग त्यांच्याकडे न्या. त्यांचा हात चुकत नाही. मी आत्ताच चिठ्ठी लिहून देतो.”

तो चिठ्ठीसाठी कागद शोधू लागला. पेन सापडलं तर कागद नाही, कागद सापडला तर पेन कुठे ठेवलं ते आठवेना.

“मास्तर,” ती म्हणाली.

तो थांबला.

“औषधाचा डोस जास्त झाला की काय होतं, ते मला कळत नाही, असं वाटतं तुम्हाला? दुसऱ्या बुधवारीच बॅग पुरेशी मऊ झाली होती. तिसऱ्या बुधवारी माझी बोटं तेलाने चिकट होत होती.”

“मग... बोलला का नाहीत?”

तिने बॅगेच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मलाही वाटलं, अजून एक बुधवार.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. कारागिराने हातातल्या कोऱ्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. डॉक्टरने स्टूल पुढे ओढलं, भिंगरीला उचलून खाली ठेवलं आणि स्वतः त्यावर बसली.

“चिठ्ठी राहू दे. निम्मं तेल माझ्या हातचं आहे. बॅग इथेच दुरुस्त होईल, आपण दोघं करू. पण एक अट आहे. यापुढे मला बोलवायचं असेल तर तोंडाने बोलवायचं. बॅगेला मध्ये घ्यायचं नाही.”

“उद्या याल?” त्याने लगेच विचारलं. इतक्या लगेच, की स्वतःच दचकला.

“येईन,” ती म्हणाली. “आता सांगा, हिला बरं कसं करायचं?”

“तेल शोषून काढायचं. सुती कापडात गुंडाळून ठेवायची आणि वरून बारीक भुकटी पसरायची. सकाळी झटकायची, पुन्हा पसरायची. तोंडाला आतून चामड्याची पट्टी शिवू, म्हणजे ताठ राहील. तीन आठवडे तरी जातील.” तो थबकला. “खरंच तीन. यावेळी खोटं नाही.”

“भुकटी कसली?”

“खडूची सगळ्यात चांगली. पण ती दुकानात नाहीये...”

दोघं त्या ओशाळलेल्या बॅगेवर वाकले, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. भिंगरी घरी कधी निघाली, हेही त्यांना कळलं नाही, असं तिनेच आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधली सुट्टी झाली. सगळी मुलं मैदानावर पळाली. भिंगरीने मात्र डब्यातला खाऊ भराभर संपवला, डबा पुसून कोरडा केला आणि फळ्याखाली गुडघे टेकून खडूचे तुकडे नि पडलेली पूड गोळा करू लागली.

“हे काय चाललंय?” दारातून बाईंनी विचारलं.

“बाई, आमच्या मामाने एका बॅगेत फार प्रेम ओतलंय,” भिंगरी म्हणाली. “ते थोडं काढायचंय. सगळं नाही हं. बॅग उभी राहील एवढंच.”

बाई आत आल्या. मग त्यांनी डस्टर उचललं आणि तिच्या डब्यावर धरून दोनदा जोरात आपटलं. भिंगरीने पांढऱ्या झालेल्या पापण्या मिचकावल्या, एक शिंक दाबली आणि डबा आणखी वर धरला.