इझुमोची वाळू आणि रेडीचं गाऱ्हाणं

“माजी पोटली नाय!”

आदाचीकाका ओसरीवर धापा टाकत उभे होते. नर्मदा, तिचा धाकटा भाऊ बाबली आणि सावंतवाडीहून सुटीला आलेला आतेभाऊ गुरुदास, तिघंही काजू भाजायचे सोडून उठले. आठ महिन्यांत काकांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं.

१९६० सालचा मे महिना होता. रेडीच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज बोटीने जपानला जायचं. ते तपासायला आदाचीकाका जपानहून आले होते आणि नर्मदाच्या घरी पडवीतल्या खोलीत राहत होते. पावसाआधीची शेवटची बोट आज दुपारच्या ओहोटीबरोबर सुटणार होती. काका परत येणार नव्हते.

“ट्रंक आणि पोटली तुम्ही काल तिरोडकर कारकुनांकडे दिली होती ना?” गुरुदासने विचारलं.

“ट्रंक आसा. पोटली नाय. तिरोडकर-सान म्हणता, पोटली दिलीच नाय.” काका मालवणी शिकले होते, पण प्रत्येकाच्या नावाला ‘सान’ लावायची त्यांची सवय गेली नव्हती.

“खोटा!” बाबली ओरडला. “मी सोता तेंच्या खांद्याक अडकवलंय! तांबडी पोटली!”

त्या तांबड्या पोटलीत काय होतं, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मूठभर काळी वाळू आणि एक जाड वही. वही काकांच्या बायकोची, हात्सुएबाईंची. त्या शाळेत शिकवायच्या. अकरा वर्षं त्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी पायी हिंडल्या आणि त्यांनी आपल्या इझुमो प्रांताचा इतिहास लिहून काढला. तीन वर्षांपूर्वी त्या वारल्या. वहीची दुसरी प्रत नव्हती.

काका रोज संध्याकाळी त्यातलं एक पान मुलांना वाचून दाखवत. इझुमोचे लोक डोंगर कापून माती पाटाच्या पाण्यात सोडत. माती वाहून जाई, लोखंडाची जड वाळू खाली बसे. मग मातीची भट्टी घालून तीन दिवस आणि तीन रात्री वाळू आणि कोळसा टाकत राहायचं. चौथ्या दिवशी भट्टी फोडायची आणि लोखंड बाहेर काढायचं. कापलेल्या डोंगरावर भाताचे मळे करायचे.

“म्हणजे दर वेळी नवी भट्टी?” गुरुदासने विचारलं होतं.

“दर वेळी नवी. गणपती कसो, दर वर्षी नवो?” काका म्हणाले होते.

आणि दहाव्या महिन्यात सगळ्या जपानातले देव इझुमोला जमतात, हे ऐकल्यावर बाबलीने विचारलं होतं, “मगे बाकीच्यांचा गाऱ्हाणा कोण ऐकता?” काका इतके हसले होते की त्यांचा चष्मा ताकात पडला होता.

गुरुदासने नकाशात इझुमो शोधला. सापडला नाही. काका म्हणाले होते, “नव्वद वर्षांपूर्वी सरकारान प्रांत मोडले. नाव गेला. नंतर मोठे कारखाने इले, भट्ट्यो विझल्यो. आता इझुमो वहीत आसा.”

आणि आज वहीच नव्हती.

“चला!” नर्मदा म्हणाली. “बोट सुटूक तीन तास आसत.”

काका बंदरावर शोधायला परत गेले आणि तिघं रस्त्याला लागले. बंदर मैलभर दूर. सगळा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी तांबडा झालेला.

“हय काय शोधतलंव?” बाबली रडकुंडीला आला.

गुरुदास एकदम थांबला. “मामी काकांना रोज काय ओरडायची?”

“‘तुमची वाळू माज्या सारवणात पडता!’” नर्मदाने आईची नक्कल केली, आणि तिचे डोळे मोठे झाले. “पोटलीक भोक होता!”

गुरुदासने खिशातून लोहचुंबक काढलं. काकांनीच एकदा गंमत दाखवली होती. रेडीच्या खनिजाचा चुरा चुंबकाला ढिम्म दाद देत नाही. इझुमोची वाळू उडी मारून चिकटते!

त्याने चुंबक दोरीला बांधून धुळीतून ओढलं. काही नाही. दहा पावलं. काही नाही.

“ह्या शाळेतला शास्त्र शाळेतच बरा,” बाबली पुटपुटला.

“गप रे! बघ!”

चुंबकाच्या टोकाला सात-आठ काळे कण मिशीसारखे उभे होते!

कण दिसत गेले तशी मुलं पुढे गेली. पण शिवेजवळ माग बंदराकडे न जाता डावीकडे वळला, लक्ष्मीबाईंच्या चहाच्या खोपटाकडे. समोर पिंपळाखाली गावाच्या राखणदार देवाचा पाषाण होता. तिथे चुंबकाला चांगली चिमूटभर वाळू लागली.

“मागे सरा!” लक्ष्मीबाई किटली घेऊनच धावत आल्या. “त्या जाग्यार हात लाव नको गो! कोणीतरी करणी ठेवल्यान थंय! तांबडा फडका, काळी राख, आणि कागदार उभे उभे मंत्र!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“लक्ष्मीकाकी,” नर्मदाने हळूच विचारलं, “काल तिरोडकर हय चाय पिवक बसले होते?”

“बसलेले, त्या पिंपळाखाली. ट्रंक घेवन. दोन कप पियाले, ट्रक इलो तसे ट्रंक उचलून धावले.”

“आणि पोटली इसारले!” बाबली किंचाळला. “काकी, ती करणी न्हय! ती वही! खंय आसा ती?”

लक्ष्मीबाईंचा चेहरा उतरला. “हरिश्चंद्र घाडी घेवन गेलो. ओहोटीक दर्यात सोडूक.”

मुलं पळत सुटली! नर्मदाने पळता पळता बाबलीला बंदराकडे पिटाळलं, “काकांका घेवन ये!”

किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. देवाशी गावाच्या वतीने बोलणारे म्हातारे घाडी गुडघाभर पाण्यात होते. हातातल्या सुपात तांबडी पोटली. गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

“बा देवा महाराजा! ह्या गावार कोणी वायट केला आसात...”

“व्हय महाराजा!” सगळे एका आवाजात.

“थांबा!” गुरुदास ओरडला. दोघातिघांनी त्याला धरून मागे ओढलं. गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलायचं नसतं, आणि पोराने तर नाहीच.

“...ता सगळा दर्यात बुडवून टाक रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

घाड्यांनी सूप उचललं. नर्मदाला एकदम सुचलं. मध्ये बोलायचं नसतं. पण गाऱ्हाणं तर कुणीही घालू शकतो! ती परकर वर धरून पाण्यात शिरली, हात जोडले आणि घाड्यांच्याच सुरात ओरडली, “बा देवा महाराजा!”

“व्हय महाराजा!” सवयीने सगळे ओरडले.

“आमच्या गावचो एक पावणो आज दर्यापार जाता...”

“व्हय महाराजा!”

“तेची वस्तू चुकान हय रवली, ती तेका परत गावांदे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

आपण कशाला होकार दिला, ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं.

घाड्यांनी सूप खाली घेतलं. “चेडवा, ह्या काय केलंस? आता देवासमोर सगळे व्हय म्हणान बसले!”

“आजोबा, ही करणी असती तर असं झालं असतं का?” गुरुदासने चुंबक पोटलीच्या भोकाला लावलं. काळी वाळू टुणकन उडून चिकटली. बायका दोन पावलं मागे सरल्या. “राख नाही, लोखंड आहे! आणि वहीचं शेवटचं पान बघा!”

घाड्यांनी वही उघडली. उभी उभी अक्षरं, एका भट्टीचं चित्र, आणि शेवटच्या पानावर गिचमिड अक्षरात लिहिलेलं: ‘बाबली, इयत्ता चौथी, मु. पो. रेडी’. शेजारी तीन पायांची गाय.

“मेल्या बाबल्याचीच गाय ही,” घाडी म्हणाले. “मंत्र न्हय.”

तेवढ्यात काका आले. चपला हातात, पुढे बाबली, मागे तिरोडकर. काकांनी वही घेतली, पानं चाळली आणि छातीशी धरली.

“माझं चुकलं,” तिरोडकर खाली बघत म्हणाले. “पोटली कुठे राहिली ते आठवेना. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो.”

“तिरोडकर-सान,” काका म्हणाले, “चाय बरी होती?”

सगळा किनारा हसला. तिरोडकरही.

घाडी नर्मदाजवळ आले. “साठ वर्सां गाऱ्हाणी घालतंय. आजपर्यंत माज्या गाऱ्हाण्यार कोणी गाऱ्हाणा घातला नव्हता. आणि बरोबर तुजाच होता, बाय!” मग गुरुदासच्या पाठीवर थाप पडली. “आणि तुजा ता लोखंडी नाक माका दी रे. करणी हुंगूक बरा!”

काकांनी पोटली सोडली. वाळू निम्मी उरली होती. त्यांनी त्यातली एक चिमूट घाड्यांच्या हातावर ठेवली. “हात्सुए म्हणी, आमचा लोखंड संपला, आता खंयसून येता ता बघूक होया. ती येवक शकली नाय. एक गाऱ्हाणा घालशात?”

घाड्यांनी चिमूट ओहोटीच्या पाण्यात सोडली. “बा देवा महाराजा! ह्या माणसाची बायल हय पावली असा समज...”

“व्हय महाराजा!” सगळ्यांनी म्हटलं. या वेळी सवयीने नाही.

साडेचारला काकांना बोटीकडे नेणारा मचवा निघाला. लाटांच्या आवाजावरून काकांची हाक आली, “बाबली-सान! चार पाय! गायीक चार पाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाची आई शेणाचं घमेलं घेऊन पडवी सारवायला बसली. काकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी काळे कण चमकत होते. आठ महिने ती त्यांच्यावरून कुरकुरत होती.

तिने हात आखडला, आणि तेवढा कोपरा तसाच सोडून पुढचं सारवून घेतलं.