मिरचे, मागे?

ही गोष्ट खरी आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा, पण खोटी म्हणू नका. त्या घरी माझं जाणं-येणं होतं, आणि ती शेड मी आजही लांबूनच ओलांडतो.

बाळांनो, माझ्याबरोबर जरा डोळ्यांसमोर आणा.

घरामागे पत्र्याची शेड. आत एकच गाडी मावेल एवढी. डावीकडची भिंत इतकी जवळ, की त्या बाजूचं दार उघडतच नाही. मागेही भिंत, पक्क्या विटांची. दिवेलागणीची वेळ. गाडीची बॅटरी काढून फळीवर ठेवलेली.

म्हणजे गाडी मेलेली.

आलं डोळ्यांसमोर? आता ऐका...

कट्... कट्... कट्...

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो मिरचीने. खरं नाव वेगळं, पण नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून घरात सगळे मिरचीच म्हणायचे. आवाज ऐकून ती पळाली नाही. तिने तो ओळखला.

गाडी तिच्या आत्याची. आत्या आजारी माणसांना दवाखान्यात ने-आण करायची. सुट्टीच्या दिवशी मिरची शेजारच्या सीटवर. गाडी बंद केली की आरसे आपोआप मिटायचे, झोपाळू कुत्र्याने कान पाडावेत तसे. मिरचीला त्याचं फार अप्रूप. एकदा ती हाताने मिटायला गेली, तर आत्याने मनगटच धरलं.

"हात नाही लावायचा, मिरचे. आत मोटर आहे, बारकी दातेरी चाकं आहेत. ढकललंस तर दाते झिजतात. मग आरसा कट् कट् करतो आणि जागेवर घट्ट बसत नाही. गाडी पळाली की वाऱ्याने आत वळतो."

"वळला तर वळला. काय होतं?"

"वळलेला आरसा खोटं बोलतो. मागचा रस्ता दाखवायच्या ऐवजी आपलंच दार दाखवतो. आपल्याला वाटतं, मागे कोणी नाही."

मग सांध्यातली धूळ मऊ फडक्याने कशी टिपायची, तेही तिने शिकवलं.

दोघींचा एक रिवाज होता. गाडी थांबली की आत्या आरशात बघायची, तरीही विचारायची, "मिरचे, मागे?"

मिरची मान वळवून बघायची आणि ओरडायची, "मोकळं!"

त्यानंतरच आत्या दार उघडायची.

त्या सकाळी मिरची तापाने अंथरुणात होती. मागच्या सीटवर कण्हणारा रोगी. दवाखान्याच्या दाराशी आत्या थांबली, आरशात बघितलं, दार उघडलं...

मागून टेम्पो आला.

बस. एवढंच.

आणि मग लोकांच्या जिभा सुटल्या. "घाई केली." "मागे बघितलंच नाही." सगळ्यांत मोठा आवाज काकाचा, आत्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. "ताईला दहादा सांगितलं होतं, सावकाश. तिची घाई तिला नडली."

"आत्या न बघता दार उघडायचीच नाही!" मिरची किंचाळली.

"मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये," आजोबा म्हणाले.

मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच्या माथी वाटेल ते मारायचं? मला आजही हे सांगताना संताप येतो. मिरचीच्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. रोज दिवेलागणीला.

कट्... कट्... कट्...

उजव्या दाराचा आरसा अर्धा उघडायचा, थरथरायचा आणि पुन्हा मिटून जायचा. बॅटरी फळीवर होती.

मिरचीने काकाला हाताला धरून ओढत आणलं. "ऐक!"

"उंदीर असेल. बघ, काही नाही." असं म्हणत काकाने अर्धवट उघडलेल्या आरशावर तळहाताची थाप मारली. खाड्! आरसा मिटला.

काकाची जुनी गाडी हाताने आरसे मिटायची होती. अरुंद गल्लीत गाडी लावायची, उतरायचं, थाप मारायची. वर्षानुवर्षांची सवय. त्याचं त्यालाही कळलं नाही.

मिरचीला कळलं.

"तू असाच मिटतोस?"

"मग काय, विनवण्या करू त्याच्या?"

"आत्या गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी तू नेली होतीस, काका."

काकाचा चेहरा उतरला. मग पारा चढला. "फार शहाणपण आलंय! भूत दिसतंय का तुला? थांब, आत बसूनच दाखवतो." तो चालकाच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं.

पत्र्यावरच्या चिमण्या गप्प झाल्या...

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला...

आणि आरसा उघडला. या वेळी कट् नाही, थरथर नाही. नव्या आरशासारखा, अलगद. त्यात मागची भिंत दिसायला हवी होती.

त्यात रस्ता होता. सकाळच्या उन्हातला.

मग तो मिटला.

मागच्या सीटवर कोणीतरी कण्हलं. काकाने वळून पाहिलं. सीट रिकामी. तो पांढराफटक पडला आणि त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली... जड गाडीची... जवळ येणारी...

"मिरचे! मागे काय आहे?" काचेआडून त्याचा आवाज दबका येत होता.

"भिंत आहे."

"मग आवाज कुठून येतोय?"

"आरशात बघ ना."

"मिटलाय तो!"

"त्या संध्याकाळी कट् कट् करत होता?"

कण्हणं त्याच्या मानेपाशी आलं. मागून हॉर्न वाजला.

"होता! ऐकलं होतं मी! ताई ओरडेल म्हणून बोललो नाही! उतरू का? मिरचे, दार उघडू का? सांग!"

आणि तेव्हा, त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवरून, ओळखीच्या, संथ आवाजात कोणीतरी विचारलं...

"मिरचे, मागे?"

मिरचीने मान वळवून पाहिलं. काय दिसलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेडच्या मातीत मी रुंद चाकांचे माग पाहिले. मागच्या भिंतीच्या पायथ्यापासून निघालेले, गाडीच्या उजव्या दारापासून जेमतेम हातभर अंतरावरून बाहेर गेलेले. भिंतीची एक वीटही हललेली नव्हती. उत्तर माझ्याकडे नाही. असतं, तर ती शेड मी लांबून ओलांडली नसती.

पण तुम्हाला मिरचीचं विचारायचंय ना? एकच शब्द पुरला असता. "मोकळं." जिभेच्या टोकावर होता तो. राग इतका होता, की दातांत दात रुतले होते. ज्या माणसाने आत्याला मारलं आणि वर तिलाच दोष दिला, तो दाराच्या कडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता.

"थांब!" मिरची ओरडली. "मागे आहे!"

ती धावली. दाराला पाठ चिकटवली, दोन्ही टाचा मातीत रोवल्या. आत काका मुठी आपटत होता, मागची घरघर कानठळ्या बसवत होती, आणि मिरची रागाने हमसून हमसून रडत ते दार गच्च दाबून उभी राहिली.