दारात उभा महापौर

ते फोटो मी घरी आणले, कारण ऑफिसात भिंत रिकामी नव्हती. दुसरं काही कारण नव्हतं.

आमचं ऑफिस सिंगापूरमध्ये, जुरोंग ईस्टला आहे. संग्रहालयांसाठी प्रदर्शनं मांडून द्यायची, हे आमचं काम. त्या वेळचं प्रदर्शन होतं तंजोंग पेलिता नावाच्या एका बंदराच्या गावाचं, तिथल्या सुरुवातीच्या महापौरांचं. मलायाच्या किनाऱ्यावरचं हे गाव आधी इंग्रजांकडे होतं, युद्धात जपान्यांकडे गेलं, मग परत इंग्रजांकडे आलं आणि शेवटी स्वतंत्र झालं. दर वेळी टाऊन हॉलवरचा झेंडा बदलला, आणि आतल्या खुर्चीतला माणूसही. पहिले टर्नबुल, दुसरे ओकाजिमा, तिसरे डॉक्टर डिक्रूझ आणि चौथे हाजी सुलेमान. चौघांचे मोठे प्रिंट मी तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. कोणाच्या खाली काय मजकूर द्यायचा, ते समोर बसून ठरवायचं होतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा फार कमी बोलायचे. सगळं आयुष्य जहाजावर गेलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा याच बाबांनी मला बोट धरल्यासारखं खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये नेऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, कशी मागायची ते शिकवलं होतं. पण आई, म्हणजे सासूबाई, गेल्या आणि बाबांची स्मृती हळूहळू विरत चालली. माझं नाव गेलं. मला ते ‘सिस्टर’ म्हणायचे, मीही ओ द्यायचे.

फोटो लागले त्या दुपारी ते स्वतःहून उठून टेबलाशी येऊन बसले.

“यांचा पाय दुखतो,” टर्नबुलकडे बोट दाखवून ते म्हणाले. “एक स्टूल दे ना त्यांना.”

मी स्टूल दिलं. इतक्या महिन्यांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

मग हे रोजचंच झालं. दुपारी चहा झाला की बाबा तिथे बसून फोटोंशी बोलायचे. डॉक्टर डिक्रूझना बोटींची हौस, हाजीसाहेबांना विनोद सांगायची. बाबा हसायचे, दोन पोळ्या जास्त खायचे. माझा नवरा सारंग म्हणाला, “भ्रम आहे गं, पण गोड भ्रम आहे. राहू दे.” मलाही तसंच वाटत होतं. टेबलावर जास्तीचे कप ठेवायला मी कधी नाही म्हटलं नाही. आवरताना एक कप नेहमी बशीत पालथा घातलेला सापडायचा. म्हटलं, बाबांची नवी सवय.

“आणि हे?” एकदा मी ओकाजिमांच्या फोटोकडे पाहून विचारलं. सडपातळ माणूस, नीट विंचरलेले केस, अगदी अदबशीर चेहरा.

बाबांनी दाराकडे पाहिलं. “ते आत नाही येत. बाहेर उभे असतात.”

“का?”

“बाकीचे येऊ देत नाहीत.”

पुढच्या आठवड्यात हाजी सुलेमानांची नात मरियम मला भेटायला आली. सत्तरीची, हसरी बाई. हॉकर सेंटरमध्ये बसून तिने आजोबांच्या खूप गोष्टी सांगितल्या. चहा संपल्यावर तिने स्वतःचा कप उचलून बशीत पालथा घातला आणि हसली. “आजोबांची सवय. आणखी नको, असं तोंडाने म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं.”

मी त्या कपाकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने ओकाजिमांबद्दल विचारलं. तिने पर्स मांडीवर घेतली. “आमच्या घरात ते नाव घेत नाहीत,” ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.

मी सारंगला पालथ्या कपाचं सांगितलं. त्याने लगेच भिंतीवरचे फोटो उतरवायचं ठरवलं. बाबांनी त्याचा हात धरला.

“दोन दिवस थांब. त्यांचं भांडण मिटू दे.”

“कोणाचं, बाबा?”

“त्या माणसाला आत घ्यायचं की नाही, त्याचं. मला विचारतायत. मी कुठल्याच राज्याचा नाही ना, सगळी बंदरं सारखीच.” मग खाली मान घालून म्हणाले, “उन्हात उभा असतो रे तो. वाईट वाटतं.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. लिफ्टमधून बाहेर आले तर आमचं दार सताड उघडं होतं, बाहेरचं लोखंडी गेटही. बाबा उंबऱ्यात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले.

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं.

“कम इन, सर,” बाबा म्हणाले.

माझ्या अंगावरून डांबराच्या गोळ्यांचा वास गेला. वारा नव्हता.

आत फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यानंतर आणखी खुर्च्या, घाईघाईने, एकामागून एक.

मग शांतता.

बाबांनी गेट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. “अनघा, केवढ्या उन्हातून आलीस. आधी पाणी पी.”

मी तिथेच रडायला लागले.

तेव्हापासून बाबांना सगळं आठवतं. आईंची साडी, जहाजांची नावं, माझा वाढदिवस. मेमरी क्लिनिकच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा काढायला लावले. फोटो केव्हाच प्रदर्शनात गेले. आता कपही पालथा सापडत नाही.

“बाकीचे कुठे गेले, बाबा?” मी एकदा विचारलं.

“उठून गेले. दारातले ते आत आले, त्याच दुपारी.”

“आणि हे?”

बाबांनी भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्यांच्यासमोर नको.”

जेवायला बसलो की बाबा पहिला घास घेण्याआधी थांबतात. त्या खुर्चीकडे बघतात, मान जरा झुकवतात, मग जेवतात. सारंग सुरुवातीला त्यांना चिडवायचा.

काल मी गरम वरणभात वाढला, वर तूप घातलं आणि बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तूप थिजलं आहे. सारंग त्या खुर्चीकडे बघत होता, हात ताटाजवळ तसाच थांबलेला. माझाही.