दोन बोटं उघडी

शेगडी जरा इकडे सरकवा. हं, आता बरं. मला सगळे थापाड्या म्हणतात, ते काही उगाच नाही. पण थाप मारताना माझे हात हवेत नाचतात, हे तुम्ही इतकी वर्षं बघताय. आज बघा. दोन्ही हात काखेत आहेत.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण, ताई, इथून साठ किलोमीटरवरच्या इस्पितळात होती. सकाळी नऊला पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. तिचा रक्तगट असा दुर्मिळ, की अख्ख्या नात्यात जुळणारा मी एकटा. आदल्या संध्याकाळी दाजींचा फोन आला.

"थापाड्या, आठच्या आत ये. रक्त आल्याशिवाय डॉक्टर सुरी लावणार नाहीत. आणि उद्याचा दिवस टळला, तर..."

"दाजी, काळजी सोडा. मी नाही पोचलो तरी रक्त पोचेल."

"चेष्टा नको रे," दाजी म्हणाले. ते रडत होते बहुतेक.

धुक्यामुळे बस बंद होत्या. राहिली माझी मोटरसायकल. थंडीत गाडी चालवायचं माझं एक शास्त्र आहे. छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट. वारा अडला की अर्धी थंडी अडली. दोन मोज्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पिशवी. पँटीच्या आत बायकोची लोकरीची विजार. हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. सगळं अंग असं झाकता येतं. प्रश्न फक्त हातांचा. हातमोजे जाड घालावेत तर क्लच कळत नाही, पातळ घालावेत तर बोटं कळत नाहीत.

पण त्या वर्षी तोही प्रश्न सुटला होता. दाजी शिंपी. आठवड्यापूर्वीच त्यांनी मला दोन खोळी शिवून दिल्या होत्या. हँडलच्या मुठींवर चढवायच्या आणि आत हात घालायचे. मनगटाशी इलॅस्टिक. कापड काळं, जाड, भारीतलं.

"एवढं उंची कापड कुठलं हो?" मी तेव्हा विचारलं होतं.

दाजींनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणला. "एका गिऱ्हाइकाचा कोट. अस्तर लावायला टाकून गेला. म्हणाला, बाह्या दोन बोटं वाढवा, गाडीवर मनगटं उघडी पडतात. दोन हिवाळे गेले, फिरकलाच नाही. मग बाह्याच कापल्या मी. तुझ्या ताईला यातलं काही बोलू नकोस. दुसऱ्याच्या वस्तूला कात्री लावली म्हणून घर डोक्यावर घेईल."

त्याच बाह्यांत हात घालून सकाळी सहाला मी निघालो.

उजाडत होतं, पण उजेड म्हणावा असा नव्हता. धुकं इतकं दाट, की दिव्याचा झोत पुढच्या चाकापाशीच संपायचा. इंजिनाचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा. ओल्या लोकरीचा वास नाकात बसला होता. नाकाचा शेंडा गेला, गुडघे गेले. हात मात्र मजेत होते. मी तर गुणगुणत होतो.

अर्ध्या वाटेवर डाव्या खोळीत काहीतरी माझ्या बोटांखाली सरकलं.

थंडगार. आमची ही थंडीत पांघरुणाखाली आपली पावलं माझ्या पोटऱ्यांना लावते, तसं. हळूच, संकोचानं. एक बोट. मग दुसरं. मग पाची बोटं, माझ्या बोटांच्या बेचक्यांत बसलेली.

मी खाली पाहिलं. खोळ फुगली होती. एका हाताला लागते त्याहून जास्त.

हात उपसायला गेलो, तर इलॅस्टिक मनगटात रुतलं. तेवढ्यात उजवीकडेही तेच. जोर नव्हता हो त्या हातांना. ते फक्त शेकत होते. एरवी थंडी बोटांतून खांद्याकडे चढते; माझी ऊब उलटी निघाली होती... खांद्यातून बोटांकडे, बोटांतून त्यांच्याकडे. मी पायानं ब्रेक दाबला, तर उजव्या हातावरचा हात मूठ पिळू लागला. गाडी थांबेना.

"सोड..." मी म्हणालो. "माझी बहीण आहे रे तिकडे... सोड."

हात क्षणभर थबकले. ऐकलं त्यांनी, एवढं मला कळलं.

पुढे ओढ्यावरचा अरुंद पूल आला. तोवर माझे हात कोपरापर्यंत मेले होते. ते आपोआप खोळींतून निसटले, आणि मी कठड्याशी पडलो. मी पडलो. गाडी नाही पडली. ती सरळ पुढे गेली, मोकळ्या सीटनं, आणि दोन्ही खोळी भरलेल्या होत्या.

फोन खिशात होता. पण बोटं वाकली तर ना! खिशाशी हात नेऊन मी लहान पोरासारखा रडलो. तिकडे सात वाजले असतील, साडेसात वाजले असतील, आणि मी नुसता बसून. शेवटी दुधाचा ट्रक आला. ड्रायव्हरनं मला उचलून आत घेतलं.

"याच पुलावर दोन वर्षांपूर्वी एक मोटरसायकलवाला गेला," तो म्हणाला. "बोटं गारठली, ब्रेक दाबता आला नाही. त्याच सकाळी मी त्याला विचारलं होतं, आज कोट नाही? म्हणाला, शिंप्याकडे टाकलाय."

मी दोन्ही हात काखेत खुपसले.

इस्पितळात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आवारात माझी गाडी नीट मधल्या स्टँडवर लावलेली. मी जन्मात कधी मधल्या स्टँडवर लावलेली नाही. खोळींत हात घातला. आत ऊब होती.

रक्त घेतात त्या खोलीतली बाई माझं नाव ऐकून चिडली. "पुन्हा आलात? एकदा दिलं ना? घरी जाऊन झोपा आता."

"मी... दिलं?"

"पावणेआठलाच. तोंडावरचा मफलर काढा म्हटलं तर काढेनात. हात इतके गार, की शीर सापडायला गरम पाण्याची पिशवी धरावी लागली." तिनं नोंदवही पुढे ओढली. "तपासलं आम्ही, गट तोच होता. फक्त रक्ताची पिशवी... गारच राहत होती."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर दाजी बसले होते. त्यांनी माझे पायच धरले. "वाचवलंस रे थापाड्या!" आत ताईला ते रक्त चढत होतं. मी काय सांगणार होतो? आणि माझं कोण ऐकणार होतं?

ताई वाचली. घरी आली. आठव्या दिवशी दाजी मशीनवर बसले असताना, मी समोरच होतो, ती अगदी तिच्याच नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"अहो, कोट झाला का? आणि बाह्या दोन बोटं वाढवा. मनगटं उघडी पडतात."

मशीन थांबलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिला मी काही बोललो नव्हतो.

त्याच रात्री खोळी उसवून दाजींनी बाह्या कोटाला परत जोडल्या, अस्तर लावलं, दोन बोटं वाढवल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात वाढवतात. आता कोट खुंटीला टांगला, की बाह्या त्याच्या काठाच्याही खाली लोंबतात. परवा मी स्वतः टेपनं ताईचा हात मोजला. जेवढा होता तेवढाच भरला.

मग तिनं कोट घातला, आणि दोन्ही हात आमच्यापुढे धरले, मुठी वळून, हँडल धरल्यासारखे.

मनगटं उघडी होती. दोन बोटं.